कागदावर फिका, मगवर पक्का!

फेअरवेलचा मग, टूर्नामेंटची जर्सी, फॅमिली फोटोचं कीचेन... एका साध्याशा कागदाने उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात घरगुती धंद्यांचं नवं पीक आणलंय. पण ‘बोनस आला की मशीन घेऊ’ म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावं!

आत्ता जिथे बसलाय तिथूनच डेस्कवर जरा नजर फिरवा. एचआरने जॉइनिंग किटमध्ये दिलेला मग, टीम आउटिंगच्या ग्रुप फोटोचं कीचेन, कंपनीच्या लोगोचं माऊसपॅड आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेली, ऑफिस लीगमध्ये पहिल्याच मॅचला गारद झालेल्या टीमची जर्सी. आता त्या जर्सीवरच्या नंबरवरून बोट फिरवा. हाताला काही लागलं? कडा, जाडी, खरखर? काहीच नाही? मग समजा, तो नंबर कापडावर चिकटवलेला नाहीये, तो कापडाच्या आत शिरलाय!

ही करामत सब्लिमेशन ट्रान्सफर पेपरची. दिसायला अगदी कुठल्याही झेरॉक्सच्या कागदासारखा, पण त्याच्या जोरावर कल्याणच्या पुढे गल्लोगल्ली दुकानं थाटली गेलीयत. गेले काही शनिवार मी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असं पिंजून काढलं. निमित्त होतं माझ्याच ग्रुपमधल्या तिघांचं. एक आयटीतला, एक बँकेतली, एक बीपीओतला. तिघंही वेगवेगळ्या वेळी एकच वाक्य बोलले, ‘‘यंदाच्या बोनसमधून ते मगवालं मशीन घेतोय, साइड इन्कम सुरू!’’ म्हटलं, मित्रांचे पैसे आहेत, जरा बघू तरी हा फंडा नक्की आहे काय!

शाळेतलं संप्लवन आठवतंय?

कापूर आठवा. आरतीनंतर उघडा राहिला की पाणी न होता हळूहळू नाहीसा होतो. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचंही तेच. घन पदार्थ द्रव न होता थेट वायू झाला की त्याला विज्ञानाच्या पुस्तकात ‘संप्लवन’ म्हणायचे. परीक्षेत दोन मार्कांना येणारं ते संप्लवन म्हणजेच आपलं सब्लिमेशन!

यातली शाई असते डिस्पर्स डायची. प्रिंटरने ती कागदावर उलटी, म्हणजे आरशात दिसते तशी छापायची. मग हीट प्रेसमध्ये साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला कागद वस्तूवर दाबून धरायचा. एवढ्या तापमानाला शाईचा वायू होतो. त्याच वेळी पॉलिस्टरच्या रेणूंची वीणही उष्णतेने सैल पडते. वायू आत शिरतो, वस्तू गार होते, वीण पुन्हा घट्ट होते आणि रंग आत कायमचा मुक्कामाला! म्हणूनच तो धुतला तरी सहजी जात नाही.

आणि इथेच खरी गोम आहे. हे सगळं पॉलिस्टरलाच लागू. शंभर टक्के कॉटनच्या टी-शर्टवर हा रंग टिकतच नाही. मग चिनी मातीच्या मगवर कसा काय बसतो बुवा? तर त्या मगवर आधीच पॉलिमरचा पारदर्शक थर दिलेला असतो. तुमच्या स्वयंपाकघरातला साधा मग घेऊन गेलात तर दुकानदार हात जोडेल. शिवाय या शाईत पांढरा रंग नसतोच. चित्रात जिथे पांढरं हवं तिथे वस्तूचा स्वतःचा पांढरा रंग दिसतो. त्यामुळे काळ्या टी-शर्टवर सब्लिमेशनचा हट्ट धरू नये.

मग साध्या कागदाने काय घोडं मारलंय? साधा कागद शाई पिऊन टाकतो. ट्रान्सफर पेपरवरचा खास थर शाईला वरच्या वर धरून ठेवतो आणि ताप लागला की सोडून देतो. धरायचं आणि वेळेवर सोडायचं, एवढंच त्याचं काम. प्रिंटरही कुठलाही चालत नाही. ज्यांचं हेड शाई तापवून फेकतं ते बाद. एप्सनसारखे, विजेच्या इशाऱ्यावर सूक्ष्म स्फटिक हलवून शाई ढकलणारे प्रिंटर इथे राजे! या तंत्राचं श्रेय फ्रान्सच्या नोएल द प्लास यांना दिलं जातं आणि साल सांगितलं जातं १९५७. म्हणजे बघा, तुमचा कूल मग वयाने तुमच्या बाबांच्या पिढीचा आहे!

‘यूएसए’मध्ये तुमचं स्वागत

उल्हासनगर हे गावच मुळी शून्यातून उभं राहिलेलं. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेले सिंधी निर्वासित आणि १९४९ मध्ये मिळालेलं ‘उल्हासनगर’ हे नाव. छावणीची खूण पत्त्यांत अजून आहे: कॅम्प एक ते कॅम्प पाच. हातात काही नसताना या लोकांनी जे बनवता येईल ते बनवलं, जे विकता येईल ते विकलं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा जोक आपण सगळ्यांनीच कधी ना कधी मारलाय. पण जोक बाजूला ठेवला तर उरतं काय? नवीन मशीन बाजारात आलं की घाबरायचं नाही, ते उघडून बघायचं, ही वृत्ती!

सकाळी दालपकवान हाणून मी कॅम्प दोनच्या गजानन मार्केटच्या गर्दीतून वाट काढत निघाले. थोड्या अंतरावरच्या एका गल्लीत दहा बाय बाराच्या गाळ्यात जॉबवर्क चालतं. भिंतीला कोरे मग, टाइल्स, मोबाइल कव्हर्स, उशांची कव्हर्स यांची चळत. मालक सिंधी अंकल, मशीनवर विठ्ठलवाडीहून येणारा एक मुलगा. प्रिंटरमधून बाहेर आलेला कागद पाहून माझा चेहराच पडला. एका छोटुकल्याचा फर्स्ट बर्थडेचा फोटो, पण सगळा मळकट, फिकट, धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यासारखा.

‘‘बेटा, पेपर देखके डरने का नहीं!’’ अंकल हसले.

मुलाने कागद मगभोवती घट्ट गुंडाळला, कडांना उष्णता सहन करणारी टेप लावली, मग प्रेसमध्ये सरकवला, टायमर लावला. तीनेक मिनिटांनी शिट्टी झाली. हातमोजे घालून त्याने कागद सोलला आणि... क्या बात है! लाल टोपी लालचुटूक, केक पिवळाधम्मक, पोराच्या गालावरची खळीसुद्धा जागच्या जागी. कागदावर उरली ती फक्त एक पुसट सावली. मी पंधरा मिनिटं तिथेच उभी राहून एकामागून एक मग बघत होते. व्यसनच लागतं हो!

पण मगांचं हे कौतुक आपलं, हौशी लोकांचं. मोठं काम जर्सीचं, असं अंकल सांगत होते. ठाणे-रायगड पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या टूर्नामेंट म्हणजे गावोगावचा उत्सव. प्रत्येक टीमला स्वतःचा रंग हवा, पाठीवर नाव हवं, छातीवर स्पॉन्सर हवा. पुढे दहीहंडीला गोविंदा पथकांचे टी-शर्ट, मग गणपतीत मंडळांचे. अख्खी जर्सी रंगवायची तर काम वेगळं असतं. मोठ्या रोलवर डिझाइन छापायचं, तापलेल्या रुळाखालून पांढरं पॉलिस्टर आणि कागद एकत्र काढायचे आणि मग शिवण. म्हणूनच बाहीपासून कॉलरपर्यंत डिझाइन सलग येतं.

नदीचा रंग कोणता?

अंबरनाथला उतरले ते शिवमंदिर बघायला. १०६० सालचा शिलालेख असलेलं हे शिलाहारकालीन देऊळ. इंच न इंच कोरलेलं. आणि त्याच्या अगदी पायाशी वालधुनी नदी. नदी म्हणायचं ते सवयीने. इथे वाढलेल्या कुणालाही विचारा, तिचं पाणी कधी कोणत्या रंगाचं असायचं याच्या आठवणी सांगतील.

अंबरनाथच्या बाजूने येणारी ही नदी उल्हासनगरमधून पुढे कल्याणकडे जाते. वाटेत रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी, जीन्सच्या डायिंग-वॉशिंगचं निळं पाणी आणि सगळ्या वस्त्यांचा मैला पोटात घेत. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये उल्हासनगरात टँकरमधून तिच्यात रसायन ओतल्यावर शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास होऊन हॉस्पिटल गाठावं लागलं. २०१५ मध्ये ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणासाठी स्थानिक पालिका आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर मिळून सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याची जबाबदारी टाकली. पुढे उल्हासनगरच्या जीन्स वॉशिंगच्या कारखान्यांवरही बंदीची कारवाई झाली आणि त्यावर पोट असलेल्यांचे हाल झाले. नदीही गेली, नोकरीही गेली, असा दुहेरी फटका.

आता या पार्श्वभूमीवर सब्लिमेशनकडे बघा. छापण्याच्या टप्प्यावर पाण्याचा थेंब लागत नाही. रंगाची टाकी नाही, धुणं नाही, गटारात सोडायला निळं पाणी नाही. शाई कागदावर, कागदावरून वायू, वायूतून कापडात. ज्या गावांच्या नद्यांनी इतके रंग पाहिले, तिथे रंगकाम कोरडं होतंय ही छोटी गोष्ट नाही.

पण म्हणून लगेच ‘इको-फ्रेंडली’चा बिल्ला लावू नका, बॉस! जीन्स कॉटनची असते आणि कॉटनला हे तंत्र चालत नाही. तेव्हा सब्लिमेशन जीन्सच्या डायिंगची जागा घेणार नाही. जर्सीचं पॉलिस्टर शेवटी पेट्रोलियममधूनच येतं आणि धुताना त्याचे बारीक प्लास्टिकचे धागे पाण्यात जातातच. वापरलेले कागद आणि फसलेले मग कचऱ्यात. शिवाय गाळा बंदिस्त असेल तर प्रेसची वाफ दिवसभर काम करणाऱ्या मुलाच्याच नाकात! एक्झॉस्ट फॅन ही चैन नाही, गरज आहे. नदी वाचली आणि छाती बिघडली तर मिळवलं काय?

वन बीएचके फॅक्टरी

बदलापूर म्हणजे परवडणाऱ्या घरांसाठी लोकलचे धक्के पत्करलेल्यांचं शहर. पहाटे निघायचं, रात्री परतायचं. त्यामुळे घरी बसून काही करता आलं तर ते सोन्याहून पिवळं. इथे सोसायटीच्या जिन्यात ‘फोटो मग प्रिंट करून मिळतील’ अशी चिकटवलेली चिठ्ठी दिसली की समजायचं, आत किचनच्या ओट्याशेजारी प्रेस मांडलाय. मी गेले त्या घरात ताई दुपारी मुलगी शाळेत गेली की मशीन लावतात. संध्याकाळी त्याच टेबलावर होमवर्क.

त्यांच्यासमोर बसूनच मी माझ्या तीन मित्रांसाठी हिशेब मांडला. आकडे फक्त उदाहरणाचे, तुमच्या दुकानदाराचा भाव तुम्ही टाका. समजा कोरा मग ८० रुपयांना पडला. कागद, शाई, टेप मिळून १०. बॉक्स १५. झाले १०५. शंभर मगांची ऑर्डर असेल तर १०५ बनवायचे धरा, कारण एखाद्यात डाग पडतो, एखाद्याची टेप सरकते. म्हणजे खर्च ११,०२५. मग २०० रुपयांनी विकला तर हातात येतात २०,०००. उरले जवळपास ९,०००, म्हणजे मगामागे ९० रुपये. प्रिंटर, प्रेस, कच्चा माल यात समजा ४०,००० गुंतवले, तर ते फिटायला साधारण साडेचारशे मग विकायला हवेत.

विजेचं काय? ती फार खात नाही. ३५० वॅटचा मग-प्रेस चार मिनिटं चालला तर ०.०२३ युनिट. शंभर मगांना अडीच युनिटसुद्धा नाही!

खरा खर्च वेळेचा आहे. टेप लावणं, दाबणं, सोलणं धरून मगाला पाच मिनिटं. शंभर मग म्हणजे ५०० मिनिटं, आठ तासांहून जास्त. म्हणजे एका कॉर्पोरेट ऑर्डरसाठी तुमचा अख्खा शनिवार गेला. त्यात ‘फॉन्ट बदलून द्या ना’, ‘मामांचा फोटो राहिला’, ‘रंग जरा उजळ करा’ हे व्हॉट्सअॅपवरचं महाभारत धरलेलंच नाही. ताई दुपारचे तीन तास रोज देऊ शकतात, गल्लीतले वाढदिवस त्यांना तोंडपाठ आहेत, म्हणून त्यांचं गणित बसतं. रात्री साडेनऊला घरी पोचणाऱ्या आयटीवाल्याचं बसेल का?

आणि पाऊस! मुंबईकरांना पावसात भजी आठवतात, या लोकांना डाग आठवतात. हवेतली ओल कागद पितो, कापडही पितं. प्रेस तापला की तिची वाफ होते आणि चित्र पसरतं. म्हणून कागद झिपच्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यात मिळतात तशा सिलिका जेलच्या पुड्या. टी-शर्ट आधी काही सेकंद नुसताच दाबून कोरडा करायचा. जूनमध्ये धंदा सुरू करणाऱ्याने हे आधी शिकावं, मग विजिटिंग कार्ड छापावं.

डिझाइन कुणाचं, पैसे कुणाचे?

योगायोग बघा. ज्या १९५७ चं नाव या तंत्राशी जोडलं जातं, त्याच सालचा आपला कॉपीराइट कायदा! आणि या धंद्यातली मोठी दुखरी नस तीच आहे. गूगलवरून सुपरहीरो उचलला, फुटबॉल क्लबचा लोगो उचलला, लावला मगवर. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. पण ज्याचं चित्र आहे त्याची परवानगी? लोगोंना ट्रेडमार्कचा कायदाही लागू होतो. ‘सगळेच करतात’ हे उत्तर कोर्टात चालत नाही.

वारलीचंच घ्या. आपल्या ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांतली, जीआय मिळालेली ही कला. तिच्या नेटवरच्या नकला शेकडो मगांवर दिसतील. त्यातला एक रुपया तरी पाड्यावर पोचतो का? एखाद्या वारली चित्रकाराला पैसे देऊन चार डिझाइन्स काढून घ्या. तुमच्याकडे असं काहीतरी असेल जे शेजारच्या गाळ्यात नाही आणि त्याच्या घरी चार पैसे जातील. कोऱ्या मगचा भाव सगळ्यांना सारखाच पडतो. फरक पाडतं ते डिझाइन!

मला तर या तिन्ही गावांचं आश्चर्यच वाटतं. दुकानात आयफेल टॉवरची उशी मिळते, पण अंबरनाथच्या देवळाच्या कोरीवकामाची मिळत नाही. लंडनच्या लाल बसचा मग मिळतो, पण बदलापूरच्या जांभळांचा नाही. कॅम्प नंबर लिहिलेलं एक झकास कीचेन काढा की कुणीतरी! परदेशात असलेला उल्हासनगरचा कितीतरी सिंधी गोतावळा ते हसत विकत घेईल.

ऑर्डर देताय? हे लक्षात ठेवा

फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवू नका, तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मगच्या २० बाय ९ सेंटिमीटरच्या पट्टीला स्वच्छ प्रिंटसाठी साधारण २३६० बाय १०६० पिक्सेल लागतात.

टी-शर्ट कॉटनचा किंवा गडद रंगाचा हवा असेल तर सब्लिमेशन नको, डीटीएफ मागा. त्यात फिल्मवरून चित्राचा थर कापडावर बसतो. हाताला थोडा जाणवतो, पण रंग दिसतात.

गव्हाळ चेहरे हिरवट किंवा लालभडक येत असतील तर प्रिंटरचा कलर प्रोफाइल जुळलेला नाही. मोठी ऑर्डर असेल तर आधी एक नमुना मागा. लाजू नका.

मग तारेच्या घासणीने घासू नका आणि फोटोफ्रेम थेट उन्हात ठेवू नका. उन्हाने हे रंगही उडतात. गरम चहा ओतल्यावर चित्र दिसणारा मॅजिक मग मायक्रोवेव्हमध्ये आणि डिशवॉशरमध्ये घालू नका.

आणि ज्यांना मशीनच घ्यायचंय त्यांनी विकत घेण्याआधी वीस गिऱ्हाइकांची नावं कागदावर लिहून काढावीत. नातेवाईक सोडून हं! वीस भरली तर बिनधास्त घ्या. भरली नाहीत तर आधी जॉबवर्कवाल्याकडून छापून घ्या आणि विकून बघा. माझ्या तिघांपैकी बँकवालीची नावं भरलीयत. तिच्या ब्रँचच्या शेजारी दोन शाळा आणि एक क्रिकेट अॅकॅडमी आहे. बीपीओवाला सात नावांवर अडकलाय. आयटीवाल्याने अजून यादी सुरूच केलेली नाही, पण ब्रँडचं नाव आणि लोगो मात्र तयार आहे!

तेव्हा बोनस आला की ऑनलाइन ‘बाय नाऊ’ दाबण्यापूर्वी एकदा उलटी लोकल पकडा. उल्हासनगरला मशीन बघा, अंबरनाथला देऊळ बघा, बदलापूरला एखाद्या ताईंच्या ओट्यावर प्रत्यक्ष हिशेब बघा. रविवारी जाणार असाल तर फक्त मेगाब्लॉक तेवढा तपासून निघा!